महापुराची आणेवारी

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली असे धरतात. २०१९च्या ऑगस्टात तेथे कृष्णा ५७ फुटांच्या घरात पोहोचली, आणि अलमट्टीचा फुगवटा एवढ्या वर चढतो की नाही हा जुनाच तंटा, त्या धरणाची पातळी ५१९.६ मीटरांवरून ५२४.२५६ मीटरांवर नेण्याच्या कर्नाटकाच्या तजविजीमुळे, अधिकच चिघळला. अशा तंट्यात आता संगणकावरील पूरगणिताचा हवाला दिला जातो. परंतु ते गणित कोणकोणत्या परिस्थितींसाठी मांडले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग, धरणांखालच्या मुलखातील पाऊस, अलमट्टीची पातळी, पात्राचा खडबडीतपणा आणि हरिपूरच्या संगमावर दोन्ही लोंढ्यांच्या येण्यातील वेळेचे अंतर, अशी सहाच चले घेतली आणि प्रत्येकाच्या दहा पायऱ्या धरल्या, तरी गणिते दहा लाख होतात. एकेकाला तासभर लागला, तर एका यंत्राला ११४ वर्षे पुरणार नाहीत. म्हणून सोयीची चार-दोन उचलावीत असे मात्र नव्हे. मॅके, बेकमन आणि कोनोव्हर यांनी १९७९ साली मांडलेल्या ‘लॅटिन हायपरक्यूब’ पद्धतीत, साठ गणिते करावयाची असतील तर प्रत्येक चलाच्या व्याप्तीचे साठ समान भाग पाडतात आणि प्रत्येक भाग एकदाच, पण एकदा अवश्य, वापरला जाईल अशा बेताने ते परस्परांशी जुळवतात. एवढ्यानेही भागत नाही. कोयनेचा मोठा विसर्ग दरवेळी अलमट्टीच्या उंच पातळीशीच जोडला गेला, तर नियम बरहुकूम पाळूनही दोष कोणाचा हे उमगणार नाही. यास्तव अशा अनेक जुळण्यांतून, सर्वांत जवळच्या दोन बिंदूंमधील अंतर जिच्यात अधिकात अधिक राहते, ती पसंत करतात.

साताऱ्याला हा विचार परका नसावा. खटाव तालुक्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी, महसुली अंमलदारांनी बांधावरून नजरेने ठरवलेल्या आणेवारीवर विसंबण्याऐवजी, यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष कापणी करून पीक मोजण्याचा प्रघात देशात रुजवण्यात मोठा वाटा उचलला. शेताशेताची माती निराळी, म्हणून तेथे पुनरावृत्ती अपरिहार्य. असले पूरगणित मात्र तीच माहिती पुरवली की तेच उत्तर देते, सबब पुनरावृत्ती व्यर्थ, आणि प्रत्येक गणित नव्या जागी मांडण्यातच शहाणपण.

माझे म्हणणे इतकेच की पूररेषेचा नकाशा प्रसिद्ध करणाऱ्या खात्याने, मग ते मुंबईचे असो वा बंगळुरूचे, निवडलेल्या परिस्थितींचा संपूर्ण तक्ता त्यास जोडावा. ज्यांच्या उंबऱ्यात २०१९चे पाणी शिरले, अशा वाचकांनी पुढच्या बैठकीत नकाशाआधी तो तक्ता मागावा.