सोयरा कुणाची?

सोयरा हे नाव तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? टीव्ही-सिनेमा सोडून सांगा. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, चाळीच्या नळावर कुणी पोरीला हाक मारताना? गोदीत आमच्या टोळीत चौदा गडी आहेत. सोलापूर, सातारा, बीड, रत्नागिरी, सगळ्या मुलखाचे. जेवणाच्या सुट्टीत मी एकेकाला विचारलं. एकाला आजीची बहीण आठवली, ती केव्हाच वारलीय. बाकीचे म्हणाले, अरे ते संभाजीच्या सावत्र आईचं नाव ना? आणि भाकरीकडे वळले.

म्हणजे नाव मेलं. आपोआप नाही मेलं. दोन बाजूंनी दोन वेगळी माणसं ते सोडून गेली, आणि दोघांची कारणं तपासण्यासारखी आहेत.

आधी शब्द बघा. सोयरा म्हणजे नातलग, त्यातही लग्नाने जोडलेला. भाषेचे जाणकार हा शब्द संस्कृतातल्या 'सोदर'पर्यंत मागे नेतात. सोदर म्हणजे एका उदरातला, एका पोटचा. म्हणजे सुरुवातीला हा सख्खा भाऊ होता, मराठीत येईस्तोवर त्याचा व्याही झाला. पोटातून निघालेला शब्द लग्नाच्या मांडवात येऊन थांबला. आणि मांडवाच्या दाराशी कोण उभं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. गंमत अशी की बाईमाणसासाठी खरा शब्द 'सोयरी'. नाव मात्र सोयरा. रमा, मुक्ता, तशी सोयरा.

आपल्याला ठाऊक असलेली जुनी सोयरा गावकुसाबाहेरची. चौदावं शतक, मंगळवेढं, चोखामेळ्याची बायको. बंका तिचा भाऊ. निर्मळा तिची नणंद, आणि हीच निर्मळा बंक्याची बायको. साटंलोटं! चोखा, सोयरा, बंका, निर्मळा आणि पोरगा कर्ममेळा, पाचही जणं अभंग रचणारी. अख्ख्या मराठी मुलखात असं घर शोधून दाखवा. पण सोयरीक करायला या घराला दुसरं घर कुठलं? जिचं नावच 'नातलग', तिची नाती महारवाड्यातल्या महारवाड्यात संपलेली.

सोयराच्या नावावर साठेक अभंग सापडतात. त्यांत सहीच्या जागी बऱ्याच ठिकाणी ती स्वतःचं नाव टाकतच नाही. चोख्याची महारी, एवढंच. नवरा आणि जात, मधून नाव गायब! पण या बिननावाच्या बाईने विचारलेला सवाल आजही गळ्यात अडकतो. देहाला विटाळ म्हणता ना? मग विटाळावाचून जन्मलेला एक तरी देह दाखवा. सातशे वर्षं होत आली, उत्तर आलेलं नाही. तिचाच एक अभंग किशोरी आमोणकरांनी भैरवीत गायला. लोक डोळे मिटून ऐकतात, माना डोलावतात. त्यांतल्या कितींना ठाऊक असतं, रचना कुणाची ते?

तिच्या बाळंतपणाची एक कथा वारकरी सांगतात. सोयराचे दिवस भरलेले, घरात दाणा नाही, आणि चोखा बहिणीला आणायला तिच्या गावी गेलेला. कळा सुरू झाल्या. तेव्हा विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला आणि नणंद होऊन तिचं बाळंतपण उरकलं. भाविकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या डोक्यात मात्र तिडीक जाते. गावात सुईण नव्हती? शेजारीण नव्हती? सोयरं व्हायला देवाला यावं लागतं, कारण माणसं येत नाहीत! ही कथा देवाची थोरवी सांगत असेल, पण गावाची लाज वेशीवर टांगते ती. आणि त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून चोखा मेला. आपल्याला बाहेर ठेवणारी भिंत, तीच आपण बांधायची आणि तिच्याच खाली मरायचं. समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेवपायरीजवळ. आतलं दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं.

दुसरी सोयरा राजवाड्यातली. मोहित्यांची लेक, हंबीररावांची बहीण, शिवाजी महाराजांची राणी, राजारामाची आई. १६७४ च्या राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून बसली ती हीच. म्हणजे हे नाव महारवाड्यातही होतं आणि मोहित्यांच्या वाड्यातही. दोन्हीकडे एकच शब्द पाळण्यात घातला जात होता, यावर जरा थांबून विचार करा.

पुढे १६८० साली महाराज गेले, राजारामाला गादीवर बसवायचा डाव झाला, तो फसला आणि १६८१ त राणीचा शेवट झाला. तेवढंच धरून कादंबऱ्या, नाटकं, मालिका झाल्या. १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'पासून २०१७ ला सुरू झालेल्या 'स्वराज्यरक्षक संभाजी'पर्यंत आणि २०२५ च्या हिंदी 'छावा'पर्यंत सोयराबाई म्हणजे कट करणारी सावत्र आई. घरोघरची कैकेयी. आता या नावाने पोरीला कोण हाक मारणार? पण एक सांगा, त्या कटात अण्णाजी दत्तोही होते. म्हणून कुणी पोराला अण्णा म्हणायचं सोडलं? नाव बुडतं ते बाईचंच.

तिकडे नाव असं बुडालं. आपल्याकडे वेगळं झालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जुनं सगळं उतरवून टाकलं. धोंडाबाई, दगडाबाई, भागूबाई ही नावं गेली. सुजाता, विशाखा, प्रज्ञा, संघमित्रा आल्या. बरोबरच झालं. दगड-धोंडा म्हणून जगायचं कुणाला होतं? पण त्या गाठोड्यात टाळ-मृदंगाबरोबर सोयराही गेली. देव टाकताना देवाला आणि गावाला सवाल करणारी बाईही टाकली आपण.

माझ्या बहिणीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. मी सोयरा नाव सुचवलं तर घरात भडका. आई म्हणाली, वारीतलं नाव कशाला पुन्हा घरात? मेव्हणा म्हणाला, वर्गातली पोरं तिला सिरियलमधली खलनायिका म्हणतील. (मेव्हणा! साक्षात सोयराच तो.)

आईचा मुद्दा हलका नाही. पण बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक कुणाला अर्पण केलं? नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. भक्ती सोडली, माणसं सोडली नाहीत त्यांनी. आणि १९३६ मध्ये जातीच्या रोगावर त्यांनी खरं औषध म्हणून काय सांगितलं? सहभोजन पुरणार नाही, आंतरजातीय लग्नं हवीत, रक्तात रक्त मिसळायला हवं. म्हणजे सोयरीकच ना!

सहभोजनाचं मी रोज बघतो. टोळीत माझ्या डब्यातलं सुकट आधी संपतं, मग त्यांच्या डब्यातली भाजी. जात बीत काय नाय बोलतात. परवा एकाने बहिणीसाठी मुलगा बघतोय म्हणून सांगितलं. मी म्हटलं, माझा एक दोस्त आहे, बारावी झालाय, कायम नोकरी, दारू नाही. तो हसला. "तसं नाय रे, आमच्या समाजातला पायजे." डबा एक, मांडव वेगळा.

मांडवाच्या जवळ गेलं की काय होतं? १ जानेवारी २०१३, सोनई. प्रेमावरून तीन पोरं मारून टाकली. २८ एप्रिल २०१४, खर्डा. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो या संशयावरून सतरा वर्षांचं शाळकरी पोर. या राज्यात सोयरा व्हायची नुसती शंका आली तरी जीव जातो.

आणि आता तर शब्दाला सरकारी शिक्काही बसायला निघालेला. २६ जानेवारी २०२४ ला सरकारने जातीच्या दाखल्यांसाठी अधिसूचनेचा मसुदा काढला, त्यात 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या केली. सजातीय लग्नांतून झालेली नाती, अशी. आरक्षणाचा वाद माझ्या आजच्या विषयात नाही. मी फक्त शब्दाकडे बघतोय. एका पोटचा असा ज्याचा अर्थ, त्याच्यापुढे 'सजातीय'चं कुंपण! आणि प्रजासत्ताक दिनाची तारीख!

म्हणून मला हे नाव हवंय. भक्तीसाठी नाही, राणीसाठी तर नाहीच. कुणी पोरीला हाक मारली की त्याच्याच तोंडून 'नातलग' हा शब्द निघाला पाहिजे. मास्तरच्या, क्लार्कच्या, उद्या मुलगी बघायला येणाऱ्यांच्या. चोख्याची महारी म्हणून सही करणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव कुणीतरी सही म्हणून लिहिलं पाहिजे.

नामकरण येत्या रविवारी आहे. वस्तीतले उपासक येतील, वंदना होईल, खीर होईल. आईने कागदावर सुजाता लिहून ठेवलंय. मेव्हण्याने मधला मार्ग काढला, घरात सोयरा म्हणा, शाळेत सुजाता घाला. मी म्हटलं, उलटं करा. शाळेच्या दाखल्यावर सोयरा. घरात काय पायजे ते म्हणा.