मुख्यालय कुठेही असो, पॅसेंजरचं काय?

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायची चर्चा पुन्हा जोरात आहे. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी आधीच होकार दिला होता. २०२५ साली महाराष्ट्रानेही दिला, पण 'कोकण रेल्वे' हे नाव राहिलं पाहिजे अशी अट घालून. नाव राहावं असं मलाही वाटतं. पण कुडचड्याहून मडगावला शिकायला येणाऱ्या माझ्यासारख्याला विचाराल तर नावाच्या आधी गाडीची अट हवी होती.

आमच्या कुडचड्याची लाईन कोकण रेल्वेची नव्हे, दक्षिण पश्चिम रेल्वेची. पण विलीनीकरण म्हणजे काय, ते तिने भरपूर पाहिलं आहे. मुरगाव ते कॅसलरॉक हा मीटरगेज मार्ग पोर्तुगीज सरकारच्या हमीवर एका इंग्रज कंपनीने १८८८च्या सुमारास पुरा केला. बांधला तो बंदरासाठी. १९०२ साली तो चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे गेला. तिचं मुख्यालय धारवाडला होतं (ती देखणी इमारत आज कर्नाटक कॉलेजची आहे, आपल्या कॉलेजचं एवढं नशीब कुठलं!). १९०८ साली मद्रास रेल्वेशी विलीनीकरण झालं आणि कारभार मद्रासला गेला. प्रवाशाला मात्र कुळ्याला पोर्तुगीजांची जकात आणि कॅसलरॉकला इंग्रजांची, अशी गाठोडी दोनदा सोडावीच लागायची. १९५५ साली तर हद्दीपलीकडे जाणारी गाडीच थांबली.

मुक्तीनंतर लाईन सदर्न रेल्वेत, म्हणजे परत मद्रास. १९६६ साली दक्षिण मध्य, म्हणजे सिकंदराबाद. २००३पासून हुबळी. मधल्या काळात ब्रॉडगेज झालं, हे मान्य. पण एवढी मुख्यालयं बदलली, त्यांतलं एकही गोव्यात आलं नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तिचा कारभार बेलापूरहून. मडगावला दोन्ही रूळ भेटतात, वेळापत्रकं भेटतीलच असं नाही.

विलीनीकरणाला माझा विरोध नाही. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बराचसा एकेरी आहे आणि दुपदरीकरणाचा खर्च महामंडळाला एकट्याने झेपणारा नाही. एकेरी मार्गावर एक्सप्रेस आली की लोकल पॅसेंजर बाजूला उभी, हे ठरलेलंच. पण दुसरा रूळ कोणासाठी, हेही विचारायला हवं. २०२०च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले, ते दुपदरीकरण कोळशासाठी आहे म्हणून. त्या लोकांना रेल्वेद्वेष्टे म्हणणं मला पटत नाही. त्यांना गाडी नको होती असं कोण म्हणतं?

उद्या कोकण रेल्वेचे तुकडे करून शेजारच्या झोनना वाटले, तर गोवा पुन्हा सगळ्यांच्या शेपटाला. म्हणून आपल्या सरकारने आत्ताच लेखी मागावं: गोव्यातल्या दोन्ही लाईनी एका विभागात, त्या विभागाचं कार्यालय मडगावला, आणि वास्को-कुळे, पेडणे-काणकोण या पट्ट्यांवर शाळा-कॉलेज-कामाच्या वेळेला धावणाऱ्या पॅसेंजर गाड्या, ज्या मालगाडीसाठी रद्द करता येणार नाहीत.