कॅमेरे सोळा, घड्याळं सोळा!

हल्ली होस्टेलात काहीही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "फुटेज काढा!" काढा की. पण फुटेजच्या कोपऱ्यातली ती वेळ कुठल्या घड्याळाची, हे कोणी विचारतं का?

गेल्या सत्रात दुसऱ्या मजल्यावरून एक लॅपटॉप गेला. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात टोपीवाला कोणीतरी ९:४० ला खोलीतून बाहेर पडताना दिसला, चेहरा नाही. गेटच्या कॅमेऱ्यात आमच्या विंगमधला एक जण ९:३६ ला आत येताना दिसला. झालं, सगळ्यांची बोटं त्याच्याकडे! दोन दिवस पोरगा धड जेवला नाही. शेवटी एकाने मोबाइलवरची वेळ दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरून स्क्रीनवर ताडून पाहिली. कॉरिडॉरचा बरोबर, गेटचा सहा मिनिटं मागे! म्हणजे तो आत आला ९:४२ ला, चोर खोलीतून निघून गेल्यावर.

हाताने लावलेली वेळ टिकतच नाही. आतला क्वार्ट्झ क्रिस्टल दहा लाखांत फक्त २० भाग चुकला, तरी दिवसाला १.७ सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटं फरक पडतो.

उपाय जुनाच आहे, एनटीपी. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेला. कॅमेरा सर्व्हरला वेळ विचारतो. प्रश्न निघाला, पोचला, उत्तर निघालं, परत आलं, या चार वेळांवरून वाटेतला उशीर वेगळा काढून घड्याळातला फरक कळतो. लॅनवर चूक काही मिलिसेकंदांत राहते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आपल्याला एवढं पुष्कळ झालं! मायक्रोसेकंद मोजणारा पीटीपी होस्टेलला कशाला हवा?

कोणी म्हणेल, कॅमेऱ्यांना इंटरनेट देणं धोक्याचं. मान्य, मग देऊ नका. रेकॉर्डरलाच टाइम सर्व्हर करा, कॅमेरे त्याच्याकडून वेळ घेतील. रेकॉर्डर कॉलेजच्या सर्व्हरकडून घेईल, आणि तो सर्व्हर भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असतेच, फक्त सेटिंग करायचं. एका दुपारचं काम!

रेक्टर सरांना एवढीच विनंती. घड्याळं जुळवा, पण जुळवण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याचा फरक वहीत लिहून ठेवा, नाहीतर जुन्या फुटेजचा हिशेब कायमचा बुडाला. टाइम झोनही तपासा, एखादा कॅमेरा साडेपाच तास मागे निघायचा. आणि महिन्यातून एकदा मोबाइल धरून पडताळा घ्या. हे काम आम्ही पोरं आनंदाने करू.

तोवर मात्र चार-पाच मिनिटांच्या फरकावरून कोणालाही चोर ठरवू नये.