धान निघाले की मंडई भरते

तुमसर म्हटले की बाहेरच्या माणसाला तांदळाची बाजारपेठ आठवते, फार तर चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजच्या खाणी. या दोन ओळखींमागची तिसरी पाहायची असेल, तर मात्र भाऊबीजेनंतर या तालुक्यात यावे लागते.

तोवर हलके धान घरात आलेले असते आणि गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावाची, उद्या शेजारची. तारखा एकमेकींवर येऊ नयेत याची काळजी गावेच घेतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात आणि रात्री दंडार उभी राहते. नाचणारे गावचेच गडी, बाईचे सोंगही पुरुषाचेच. तिकीट नाही, पडदा नाही. गावची वर्गणी आणि मागे ढोलकी, एवढ्यावर पहाट होते.

याच मातीत झाडीपट्टीची तिकिटाची रंगभूमी वाढली. वडशाच्या नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक असा जुना जोड. २०१४ च्या निकालाने पट थांबला, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा मोकळा झाला. नाटक मात्र मधल्या काळातही तगले. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. उशिरा का होईना, योग्य माणसाला मिळाली.

म्हणून लोककला सुखरूप आहे, असे काही मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. नाटकाला नट भाड्याने मिळतो. दंडारीला गावचीच पंधरा-वीस पोरे महिनाभर रोज रात्री एकत्र लागतात. ती आता नागपूर-पुण्याच्या कंपन्यांत आहेत. भाऊबीजेला येतात आणि तिसऱ्या दिवशी परततात. मंडईची गर्दी वाढते आहे, फटफट्यांना जागा पुरत नाही. दंडार मात्र सुपारी देऊन बाहेरून बोलवावी लागते. सरकार कलावंताला मानधन देते, पण ते वय झाल्यावर. विशीतल्या पोराच्या बुडालेल्या मजुरीचा विचार कुठल्याच योजनेत नाही. महोत्सवात दंडारीला वीस मिनिटे मिळतात, आणि रात्रभर चालणारी कला वीस मिनिटांत बसवली की उरते ती मिरवणूक. (आम्ही पाहुणे तेवढ्यावरही टाळ्या वाजवतो, हा भाग वेगळा.)

तुमसरजवळच्या एका मंडईत साठी ओलांडलेला एक दंडारवाला माझ्या शेजारी बसला होता. मी विचारले, आता शिकायला कोणी येते का?

‘येतेत ना भाऊ. पोट्टे पुण्याहून फोनवर गाणी शिकतेत. पण पाय कसे शिकवू फोनवर?’

त्या रात्री समोर नाचत होती ती दुसऱ्या गावची दंडार.