गरम दिवसांतला खप

वर्तमानपत्र हाही धंदाच आहे, हे आपले व्यापारी बांधव सहसा विसरतात. कागद, शाई, छपाई, टपालखर्च, एजंटाचे कमिशन, त्यात उधारी. आणि माल असा की दुसऱ्या दिवशी रद्दीच्या भावाने जातो.

१९११ साली इटलीने तुर्कांच्या त्रिपोलीवर स्वारी केली आणि १९१२ च्या ऑक्टोबरात बाल्कन युद्ध पेटले. इथल्या मुसलमानाला बातमी हवी होती. मिळत होती ती लंडनच्या तारेवरून आलेली. अशा वेळी, जुलै १९१२ मध्ये, मौलाना अबुल कलाम आझाद यांनी कलकत्त्यातून ‘अल-हिलाल’ साप्ताहिक काढले. लिथोऐवजी टाइपाची छपाई, वर छायाचित्रे, म्हणजे खर्चाचे काम. तरीही दोन वर्षांत खप आठवड्याला २६ हजारांवर गेला, असे मौलानांनीच पुढे सांगितले आहे. लाहोरच्या ‘जमीनदार’चेही तसेच झाले. शेतीवाल्यांसाठी निघालेले ते पत्र जफर अली खान यांच्या हाती युद्धाच्या बातम्यांवर दैनिक बनले.

मग १९१० च्या प्रेस कायद्याचा बडगा आला. ‘अल-हिलाल’कडून आधी दोन हजारांचा जामीन घेतला, तो जप्त केला, मग दहा हजार मागितले. नोव्हेंबर १९१४ मध्ये पत्र बंद पडले. मौलाना मुहम्मद अली यांचे ‘कॉम्रेड’ही त्याच सुमारास गेले.

सरकारने मारले म्हणून आपण गोष्ट इथेच संपवतो. पण ‘कॉम्रेड’ १९२४ मध्ये पुन्हा निघाले होते आणि जानेवारी १९२६ मध्ये थांबले. ‘अल-हिलाल’ जून १९२७ मध्ये परत आले ते डिसेंबरपर्यंतच टिकले. संपादक तेच, लेखणीही तीच. फक्त युद्ध सरले होते आणि खिलाफत तर मार्च १९२४ मध्ये तुर्कांनीच रद्द केली होती.

वाचकाला बेइमान म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. दुसरीकडे न मिळणारी बातमी मिळते म्हणून तो पैसे मोजतो. ती निकड संपली की हात आखडतो. गिऱ्हाईक असेच असते, हे दुकानदाराला काय सांगायचे?

खरा धोका वेगळाच आहे. ज्या पत्राचा खप गडबडीनेच वाढतो, त्याला शांततेचा हंगाम परवडत नाही. मग ते गडबडीची वाट पाहू लागते. हे आपल्या पत्रांना लागू आहे आणि दुसऱ्यांच्याही. गडबड झाली की शटर मात्र आपले खाली येते, कारागिराची मजुरी बुडते, माल गोदामात पडून राहतो. म्हणून थंड दिवसांत पत्र जगवण्यात व्यापाऱ्याचाच नफा आहे, आणि ते जगते वार्षिक वर्गणी व नियमित जाहिरातीवर. ईदच्या तोंडावर एक चौकट देऊन ‘गिऱ्हाईक काही आले नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा वर्षभराचा करार करून पाहावा. दराची घासाघीस खुशाल करावी, ती सोडा असे कोण म्हणतो?