वजन ही उपचाराची अट नव्हे

दिल्लीच्या करोल बागेत लग्नसराईच्या दिवसांत पाय ठेवण्यास जागा नसते. अजमल खाँ मार्गावर साड्यांची आणि बिडनपुऱ्यात दागिन्यांची दुकाने गजबजलेली असतात. दूरदूरच्या वस्त्यांतील कुटुंबे येथे येऊन मुलीच्या संसाराची तयारी करून जातात. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी यांपैकीच काही स्त्रियांना वेगळ्या कारणासाठी घराबाहेर पडावे लागते. पाळी वेळेवर येत नाही, वजन वाढत आहे आणि मूल होत नाही, अशा तीन तक्रारी त्यांच्यापाशी असतात. या तिन्हींवर हमखास गुण सांगणारे फलक मोठ्या शहरांतील बाजारपेठांत त्यांची वाट पाहत असतात.

औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालण्यासाठी संसदेने १९५४ साली कायदा केला. ज्यांवरील उपायांची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली, त्या तक्रारींत ऋतुस्रावातील बिघाड, स्त्रियांचे वंध्यत्व आणि स्थूलता या तिन्हींचा समावेश आहे. कायद्यात त्यांची नोंद निरनिराळी आहे. वैद्यकशास्त्राला मात्र पुष्कळ वेळा या तिन्हींच्या मागे एकच विकार आढळतो. तो म्हणजे बहुपुटी बीजांडकोश विकार, ज्याला दवाखान्यात ‘पीसीओएस’ असे म्हटले जाते.

सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून देशभर पांगलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखादे कुटुंब करोल बागेत दोन खोल्यांत राहत आहे, अशी कल्पना करावी. घरातील सून एकतीस वर्षांची आहे. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी चार महिन्यांनी. लग्नाला चार वर्षे झाली आहेत आणि गावाकडून येणारा प्रत्येक फोन ‘काही गोड बातमी?’ या प्रश्नाने संपतो. ती दवाखान्यात जाते तेव्हा तिला एकच वाक्य ऐकू येते : ‘आधी वजन उतरवा, मग पाहू.’ किती उतरवावे, किती काळात उतरवावे आणि न उतरल्यास पुढे काय, हे कोणी सांगत नाही. ती संकष्टीच्या जोडीला गुरुवारचाही उपास धरते, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाते आणि महिन्याच्या अखेरीस काटा जागचा हललेला नाही हे पाहून स्वतःलाच दोष देते.

या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य पूर्ण असत्याहून अधिक काळ टिकते. वजन उतरविणे हा या विकारावरील उपचाराचा एक भाग आहे. परंतु तो उपचाराच्या दाराशी बसविलेला जकात नाका होऊ नये, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विकाराचे स्वरूप

१९३५ साली शिकागो येथील आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोघा डॉक्टरांनी सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची पाळी बंद किंवा अनियमित झाली होती आणि बीजांडकोश आकाराने मोठे होऊन लहान लहान पुटकांनी भरलेले होते. विकाराला नाव मिळाले ते या पुटकांवरून. आणि त्या नावानेच पुढे पुष्कळ गैरसमज निर्माण केले. ही पुटके म्हणजे गाठी नव्हेत. ज्यांतून स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडावयाचे, परंतु ज्यांची वाढ मध्येच थबकली, अशी ती बीजपुटके होत. म्हणून ‘गाठी विरघळविण्याचे’ औषध शोधणे व्यर्थ आहे.

वाढ थबकण्याचे कारण संप्रेरकांच्या बिघाडात आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून निघणारी संप्रेरके बीजांडकोशाला प्रेरणा देतात. त्यांचे प्रमाण बिघडले की बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके अधिक तयार होतात, बीज पक्व होत नाही आणि पाळी लांबते. येथेच इन्शुलिनचा संबंध येतो. शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले म्हणजे स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात निर्माण करते. हे वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके निर्माण करण्यास आणखी उत्तेजन देते. शिवाय रक्तातील या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते. पोटाभोवतीची चरबी इन्शुलिनला होणारा हा विरोध वाढविते आणि विरोध वाढला की वजन आटोक्यात ठेवणे अधिक अवघड होते. म्हणजे वजन हे या चक्राचे कारणही आहे आणि परिणामही. ज्या स्त्रीला ‘तू खातेस म्हणून असे झाले’ असे ऐकविले जाते, तिला या चक्राचा केवळ एक अर्धा भाग दाखविलेला असतो. सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो, ही गोष्टही त्या टोमण्यात बसत नाही.

विकार दुर्मिळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने देशाच्या निरनिराळ्या भागांतील १८ ते ४० वर्षे वयाच्या ९,८२४ स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. जुन्या, कडक कसोटीप्रमाणे त्यांपैकी ७.२ टक्के स्त्रियांत हा विकार आढळला. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेली कसोटी अधिक व्यापक आहे. अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारी अनेक बीजपुटके या तिहींपैकी कोणतीही दोन लक्षणे तिला पुरतात. तिच्याप्रमाणे हे प्रमाण १९.६ टक्के भरले. तथापि हा विकार म्हणजे वांझपण नव्हे. पुष्कळ स्त्रियांना विनाउपचार मूल होते. इतरांच्या बाबतीत अडचण असते ती मुख्यतः बीजमोचनाची, आणि बीजमोचन घडवून आणणे आज शक्य आहे.

साडेतीन किलो आणि पंधरा किलो

वजनाचा हिशेब येथे मांडून पाहणे अगत्याचे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यावरून स्थूलता ठरविली जाते. भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच वजनाला पोटाची चरबी अधिक असते. म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्याकडे २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, असे ठरविले. वर कल्पिलेल्या सुनेचा अंक सुमारे २९ आहे. तो २३ वर आणावयाचा तर तिला सुमारे १५ किलो वजन उतरवावे लागेल. फार थोड्या माणसांना हे साधते आणि साधले तरी टिकविणे त्याहून कठीण असते.

परंतु बीजमोचनाला पंधरा किलोंची गरज नसते. शरीराचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी अनेक स्त्रियांची पाळी सुधारू लागते. ७० किलोंचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. साडेतीन किलो हे एका हंगामाचे काम आहे. पंधरा किलो हा वर्षानुवर्षांचा झगडा आहे. दवाखान्यातील ते अर्धवट वाक्य स्त्रीला दुसऱ्या झगड्यात ढकलते आणि पहिल्या कामाचे श्रेय तिला कधीच मिळू देत नाही.

प्रयोगांची साक्ष

वजन घटविल्याने लाभ होतो याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे बीजमोचन न होणाऱ्या ६७ स्थूल स्त्रियांनी सहा महिने गटागटाने आहार व व्यायामाचा कार्यक्रम पार पाडला. सरासरी दहा किलो वजन घटले आणि ६० स्त्रियांचे बीजमोचन पुन्हा सुरू झाले. १९९८ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि ‘आधी वजन’ या मताला त्यामुळे मोठेच बळ मिळाले.

मात्र त्यात तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. असा प्रयोग पुढे नेदरलँडमध्ये झाला आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. मूल होत नसलेल्या ५७७ स्थूल स्त्रियांपैकी निम्म्यांना आधी सहा महिने वजन उतरविण्याचा कार्यक्रम आणि मग उपचार देण्यात आले. उरलेल्यांना लगेच उपचार मिळाले. दोन वर्षांअखेर पूर्ण दिवसांचे, निरोगी, एकेकटे मूल नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २७.१ टक्के, तर दुसऱ्यात ३५.२ टक्के होते. आधी वजन उतरविणाऱ्या गटात उपचाराविना गर्भ राहिल्याच्या घटना अधिक होत्या, ही त्याची उजवी बाजू. परंतु थांबण्याने एकंदरीत लाभ झाला नाही.

याविरुद्धही पुरावा आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. नेदरलँडच्या प्रयोगातील सर्व स्त्रियांना पीसीओएस नव्हता. केवळ पीसीओएस असलेल्या स्त्रियांवरील दोन अमेरिकन प्रयोगांची २०१६ सालीच तुलना करण्यात आली, तेव्हा औषधापूर्वी वजन घटविणाऱ्यांत बीजमोचन अधिक झालेले आढळले. म्हणून वजनाकडे दुर्लक्ष करावे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. दोन्ही पुराव्यांचे तात्पर्य इतकेच, की प्रयत्न जरूर करावा, परंतु त्याला मुदत असावी. तीन महिने किंवा सहा महिने, आणि त्यानंतरची भेटीची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेली असावी. वयाची पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला तर असे थांबविणेच अनुचित होय. कारण वजन पुढेही उतरविता येते, वय उतरविता येत नाही.

औषधाची कथाही बोध घेण्याजोगी आहे. लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगावरील औषध. ते स्त्री-संप्रेरकाची निर्मिती तात्पुरती रोखते. उणीव जाणवताच पीयूषिका ग्रंथी बीजांडकोशाला अधिक प्रेरणा देते आणि बीज पक्व होते. वंध्यत्वासाठी त्याचा वापर करण्यास भारतात २०११ साली स्थगिती देण्यात आली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरील प्रयोगाचा निकाल आला. जुन्या क्लोमिफीनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले होते, लेट्रोझोलने २७.५ टक्क्यांना. भारतातील स्थगिती २०१७ साली उठली. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने बीजमोचनासाठी याच औषधाला पहिला मान दिला आहे. अर्थात ते दुकानातून परस्पर आणून घेण्याचे औषध नव्हे. गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यावयाचे असते.

घराने करावयाचे काम

आहाराच्या बाबतीत कोणतीही एकच पद्धती इतरांहून श्रेष्ठ ठरलेली नाही, हे त्याच मार्गदर्शिकेने स्पष्ट केले आहे. तेव्हा महागड्या डब्यांची आणि भुकट्यांची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, डाळ, अंडी, पालेभाजी यांनी भागते; चहातील साखर, मैदा आणि उपासाचा साबुदाणा कमी करावा. आठवड्यातून किमान १५० मिनिटे दमदार चालावे. यासाठी स्त्रीला रोज अर्धा तास मोकळा मिळाला पाहिजे, आणि तो देणे हे घरातील इतरांच्या हाती आहे. घरात सर्वांसाठी भटुरे तळावयाचे आणि सुनेने तेवढे सॅलड खावे, ही व्यवस्था महिनाभरही टिकत नाही.

वजन उतरविणाऱ्या नव्या इंजेक्शनांची २०२५ पासून भारतात मोठी चर्चा आहे. गर्भ राहू द्यावयाचा असल्यास सेमाग्लुटाइडसारखे औषध किमान दोन महिने आधी बंद करावे लागते आणि ते चालू असता गर्भनिरोधन आवश्यक असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गर्भधारणेपूर्वी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, फॉलिक आम्ल सुरू करावे, आणि लव किंवा मुरुमे यांसाठी काही औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक तपासणी बहुधा सर्वांत शेवटी होते, वस्तुतः ती सर्वांत आधी व्हावयास हवी. ती म्हणजे पतीच्या वीर्याची. ती सोपी आहे, अल्प खर्चाची आहे आणि वेदनारहित आहे. जी स्त्री चार वर्षे उपास करीत आहे, तिच्या पतीने एकदाही प्रयोगशाळेची पायरी चढलेली नसावी, ही गोष्ट शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

स्त्रीने दवाखान्यातून बाहेर पडताना तीन उत्तरे बरोबर आणावीत : बीजमोचन होते की नाही, पतीची तपासणी झाली की नाही, आणि वजनाच्या प्रयत्नाची मुदत कोणत्या तारखेस संपते. ही उत्तरे देणे ज्या डॉक्टरला जड वाटते, त्याला ‘आधी वजन उतरवा’ असे म्हणण्याचा अधिकार नाही.

करोल बागेतच आयुर्वेद व युनानी वैद्यकाचे तिब्बिया महाविद्यालय आहे. हकीम अजमल खाँ यांनी उभारलेल्या या संस्थेचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. आधुनिक शास्त्रज्ञांना चेतविणाऱ्या संशोधनवृत्तीला त्यांनी त्या प्रसंगी नम्रपणे वंदन केले; आपला वाद त्या वृत्तीशी नसून तिला लागलेल्या दिशेशी आहे, असे ते म्हणाले. शंभराहून अधिक वर्षांनंतर त्याच वस्तीतील एका सुनेला फलकावरील हमी नको आहे आणि काट्यावरील दोषारोपही नको आहे. तिच्या प्रश्नाला त्या वृत्तीने पाहणारा कोणी तरी तिला हवा आहे, आणि तोही तिचे वय हातचे निसटण्यापूर्वी.