मिश्र दुहेरीची उपेक्षा

पॅरिस येथे २०२४ साली भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांतून भारताचे बॅडमिंटनपटू एकही पदक न घेता परतले, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली आणि ती स्वाभाविकच होती. लक्ष्य सेन यांचे कांस्यपदक हातातोंडाशी येऊन निसटले. सात्त्विक आणि चिराग यांची जोडी उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाली. या पराभवांची मीमांसा पुष्कळ झाली. परंतु त्याच स्पर्धेत एक विभाग असा होता की, ज्यात हरण्याची संधीदेखील भारताच्या वाट्याला आली नाही, आणि त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मिश्र दुहेरीत आपली जोडीच नव्हती. टोकियोत नव्हती, त्यापूर्वी रिओतही नव्हती. १९९६ साली अटलांटा येथे मिश्र दुहेरीला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले. तेव्हापासून पॅरिसपर्यंत आठ ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्या आठांत भारताची मिश्र जोडी अवघी एकदा मैदानात उतरली. ते वर्ष होते २०१२, ठिकाण लंडन, आणि खेळाडू होते ज्वाला गुट्टा व व्ही. डिजू.

ज्वाला गुट्टा हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नाही. तथापि त्यांचा जन्म महाराष्ट्रात, वर्ध्यास, १९८३ साली झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसेल. त्यांच्या मातोश्री येलन या चीनमधून आपल्या आजोबांसमवेत सेवाग्रामला आल्या. ते आजोबा एके काळी गांधीजींच्या सहवासात राहिलेले गृहस्थ. वडील क्रांती गुट्टा तेलुगू भाषक. चिनी माता, तेलुगू पिता आणि वर्ध्याची माती असा हा संगम आहे. मिश्र दुहेरीत नाव काढणाऱ्या खेळाडूच्या जन्मकथेतच हे मिश्रण असावे, हा योगायोग मोठा मौजेचा म्हटला पाहिजे. पुढे घर हैदराबादेस गेले आणि अगदी लहान वयात या मुलीच्या हाती एस. एम. आरिफ यांनी रॅकेट दिली. १९५६ पर्यंत ज्या राज्यात आपला जिल्हा होता, त्या राज्याची ही राजधानी. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा तिचा रस्ता आमच्या वडीलधाऱ्यांच्या पायाखालचा होता. आज त्याच रस्त्याने बॅडमिंटन शिकू इच्छिणारी मुले जातात, कारण जवळपास दुसरा आश्रय नाही.

मिश्र दुहेरी हा खेळ पाहणारास वाटतो तितका सोपा नाही. एकेरीच्या मैदानाची रुंदी १७ फूट, दुहेरीची २० फूट. म्हणजे खेळाडू दुप्पट झाले तरी जागा फक्त ३ फुटांनी वाढते. साहजिकच अंतर कापण्यापेक्षा एकमेकांच्या आड न येणे, हे येथे अवघड काम. चढाई करताना जोडीने पुढेमागे उभे राहावयाचे, बचाव करताना शेजारी शेजारी, आणि हा पालट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, एकही शब्द न उच्चारता करावयाचा. सामान्यतः स्त्री जाळ्याजवळ आणि पुरुष पाठीमागे अशी रचना असते. प्रतिस्पर्धी पुरुष आपला सारा जोर बहुधा समोरच्या स्त्रीवर काढतो. तिला मागे रेटले की जोडी मोडते, हे त्यास ठाऊक असते. तेव्हा मिश्र दुहेरीतील स्त्री ही पुरुषाची मदतनीस असते हा समज निव्वळ अज्ञानमूलक आहे. किंबहुना सामना बहुतेक वेळा तिच्याच मनगटावर तोललेला असतो.

ज्वाला गुट्टा डावखुऱ्या आणि डिजू उजव्या हाताचे. एक डावा व एक उजवा हात असला म्हणजे दोन्ही जोरकस फटके मैदानाचा मध्य किंवा दोन्ही कडा एकाच वेळी राखू शकतात, आणि समोरच्यांचा अंदाज वारंवार चुकतो. या लाभास त्यांनी फसव्या सर्व्हिसची आणि जाळ्याजवळच्या निर्भय खेळाची जोड दिली. २००९ साली या जोडीने चायनीज तैपेई येथील ग्रां प्री गोल्ड स्पर्धा जिंकली, आणि वर्षअखेर मलेशियात जोहोर बाहरू येथे झालेल्या सुपर सिरीजच्या निर्णायक स्पर्धेत ती अंतिम सामन्यापर्यंत पोचली. तेथे डेन्मार्कच्या जोडीकडून पराभव झाला. जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत जाणारी ही भारताची पहिली मिश्र जोडी.

महिला दुहेरीतील त्यांचे यश याहूनही मोठे आहे. श्रुती कुरियन यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद सलग ७ वेळा मिळविले. पुढे अश्विनी पोनप्पा यांच्यासह २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक आणि २०११ साली लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. १९८३ साली प्रकाश पदुकोण यांनी मिळविलेल्या कांस्यपदकानंतर जागतिक स्पर्धेत भारतास मिळालेले हे पहिलेच पदक होते. मधली २८ वर्षे कोरडी गेली, आणि ती संपविली ती दोन दुहेरी खेळणाऱ्या स्त्रियांनी. हे आज कितीजणांना आठवते?

दुहेरीच्या खेळाडूची खरी अडचण मात्र मैदानाबाहेर आहे. एकेरीच्या खेळाडूचे मानांकन त्याचे स्वतःचे असते. दुहेरीत ते जोडीचे असते. जोडीदाराचा गुडघा दुखावला, पाठ धरली, त्यास नोकरीचे निमंत्रण आले किंवा त्याचे मन उडाले, की वर्षानुवर्षांच्या कष्टाने जमविलेले गुण पाण्यात जातात. नवा जोडीदार घेऊन खालच्या पायरीपासून पुनश्च हरिओम करावे लागते. डिजू यांस ऐन भरात दुखापतीने ग्रासले, त्या वेळी ज्वाला गुट्टा यांनी हे भोगले. निवृत्त शिक्षकाच्या भाषेत सांगावयाचे तर, ही अशी परीक्षा आहे की जीत शेजारच्या बाकावरील विद्यार्थी आजारी पडला तर आपणही नापास होतो. अशा खेळाडूंना संघटनेचा आधार एकेरीच्या खेळाडूंहून अधिक हवा. मिळाला तो उलट कमी.

२०१३ साली भारतात सुरू झालेल्या बॅडमिंटन लीगचे उदाहरण घ्या. लिलावाच्या वेळी ज्वाला गुट्टा व अश्विनी पोनप्पा यांची ५० हजार डॉलरची मूळ किंमत निम्म्यावर आणण्यात आली. पैशापेक्षा त्यातून व्यक्त झालेला भाव अधिक बोचरा होता. त्याच स्पर्धेतील एका वादावरून शिस्तपालन समितीने ज्वाला गुट्टा यांच्यावर तहहयात बंदी घालण्याची शिफारस केली, आणि खेळण्याचा हक्क मिळविण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यांची जीभ तिखट आहे हे आम्ही नाकारीत नाही. प्रशिक्षकांवर आणि पदाधिकाऱ्यांवर त्यांनी जाहीर टीका केली, ती सर्वच मोजूनमापून केलेली होती असेही नव्हे. परंतु एकेरीकडे सारा निधी, सारा वेळ आणि सारे प्रशिक्षक वळविले जातात व दुहेरीस उरलेसुरले मिळते, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे होते काय? २०१५ साली मलेशियाचे तान किम हर यांना दुहेरीसाठी आणण्यात आले. त्यांनीच मुंबईचे चिराग शेट्टी आणि आंध्रचे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांची जोडी जमविली. दोघेही मागे खेळणारे. ही जोडी जमेल असे प्रथम त्या दोघांनाही वाटले नव्हते. पुढे त्यांनी २०२२ साली भारतास थॉमस चषक जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला, २०२३ साली आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत प्रथम स्थान पटकाविले. पुरुष दुहेरीकडे जाणत्याचे लक्ष जाताच आठ वर्षांत हे घडले. ज्वाला गुट्टा यांच्या म्हणण्याचा याहून सबळ पुरावा कोणता?

लंडनची हकीकतही सांगितली पाहिजे, कारण ती गोड नाही. एकाच ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या दोन विभागांत खेळणाऱ्या ज्वाला गुट्टा या पहिल्या भारतीय. मिश्र दुहेरीत गटातील तीनही सामने त्या आणि डिजू हरले. महिला दुहेरीत तीनपैकी दोन सामने जिंकूनही केवळ एका गुणाच्या फरकाने उपांत्यपूर्व फेरी हुकली. जपानी जोडी एका सामन्यात मुद्दाम हरली की काय, याची चौकशी व्हावी अशी तक्रार भारताने केली, ती फेटाळण्यात आली. त्याच स्पर्धेत हेतुपुरस्सर हरल्याबद्दल अन्य चार जोड्यांना बाहेर काढले गेले होते, हे लक्षात घेता आपली शंका अगदीच हवेतली नव्हती. असो. एका गुणाचे दुःख ज्याचे त्यास ठाऊक. त्यानंतर ती मिश्र जोडी फार काळ टिकली नाही, आणि ऑलिंपिकमधील तिची जागा आजवर रिकामी राहिली.

वास्तविक दुहेरी हा या खेळाचा थोरला भाऊ आहे. बॅडमिंटनचे आरंभीचे नियम गेल्याच्या गेल्या शतकात आपल्या पुण्याच्या छावणीत बांधले गेले. १८९९ साली इंग्लंडमध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा तीत पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच विभाग होते. एकेरीची भर दुसऱ्या वर्षी पडली. आपल्याकडे सांगलीचे नंदू नाटेकर यांची कीर्ती एकेरीची म्हणून गायिली जाते, आणि १९५६ साली मलायात सेलंगोरची स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय म्हणून ती यथायोग्यही आहे. परंतु त्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदांचा हिशेब मांडला तर एकेरीची ६, पुरुष दुहेरीची ६ आणि मिश्र दुहेरीची ५ भरतात. सतरांपैकी अकरा जोडीदाराबरोबरची! १९६२ साली बँकॉकचा किंग्ज कप त्यांनी मीना शाह यांच्यासह मिश्र दुहेरीतच जिंकला. चरित्र लिहिताना मात्र आपण जोडीदारांना तळटीपेत ढकलतो.

धाराशिवच्या दैनिकाने हा विषय पहिल्या पानावर का घ्यावा, असे कोणी विचारील. आपला जिल्हा खो-खोचा जिल्हा आहे. २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व येथल्या सारिका काळे यांनी केले आणि २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. खो-खोमध्ये खो देणारा स्वतः खाली बसतो आणि शेजाऱ्यास उठवितो. क्षणार्धात दुसऱ्याच्या हाती धाव सोपविण्याची ही सवय आमच्या मुलींच्या अंगी लहानपणीच भिनलेली असते, आणि दुहेरीच्या मैदानावर नेमकी तीच लागते. चपळाई तयार आहे, समज तयार आहे. नाही ते छप्पर, लाकडी जमीन, शिकविणारा, आणि रोज झिजणाऱ्या पिसांच्या फुलांचा खर्च सोसणारा कोणीतरी. मोकळ्या माळावर खो-खो खेळता येतो. बॅडमिंटनचे फूल आमच्या वाऱ्यात दोन हातही सरळ जात नाही.

आणखी एक अडचण आहे, ती पैशाची नव्हे. आम्ही शिक्षक असताना एका शाळेच्या अंगणात जाळे बांधले होते. मुलांची वेळ चारची, मुलींची पाचची. एकदा एक चांगला खेळणारा मुलगा आणि तितकीच चांगली मुलगी यांना एका बाजूस उभे करावे असे आम्ही सुचविले, तर मुख्याध्यापकांनी आमच्याकडे असे पाहिले की आम्ही लग्नाचा प्रस्ताव आणला आहे! जाळे तसेच राहिले, वेळाही तशाच राहिल्या. त्या मुलीची शाळा पुढल्या वर्षी सुटली. आज काळ बदलला आहे, परंतु त्या नजरेने अद्याप निवृत्ती घेतलेली नाही.

लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक २०२८ साली आहे, आणि राष्ट्रकुल स्पर्धा २०३० साली आपल्याच देशात, अहमदाबादेस भरावयाच्या आहेत. ध्रुव कपिला आणि गोव्याच्या तनिषा क्रास्टो यांनी २०२५ साली जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठून ज्वाला-डिजूंच्या रिकाम्या जागेकडे पाऊल टाकले आहे. त्यांच्या मागून येणारी फळी अकादमीत नव्हे, जिल्ह्याच्या गावी तयार व्हावयाची असते. आमचे मागणे मोठे नाही. जिल्ह्यात जेथे जेथे छपराखालचे मैदान आहे, तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळकरी मुलामुलींच्या मिश्र जोड्यांना एकत्र खेळू द्यावे, त्या दोन संध्याकाळी दुहेरी जाणणारा मार्गदर्शक हजर असावा, आणि फुलांचा खर्च क्रीडा खात्याने उचलावा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी यावर उत्तर दिल्यास ते आम्ही याच पानावर छापू.